सात नंबरचं पिंप

स्टीलची पट्टी मी बुचाच्या भोकातून सरळ खाली सोडली, वाइनला टेकताच थांबवली आणि काठाशी नख धरून बाहेर काढली. सव्वीस मिलीमीटर. पट्टी पुसली, पुन्हा सोडली. सव्वीसच. सहा नंबरच्या पिंपात हे अंतर वीस होतं, आठ नंबरमध्ये एकवीस. एका महिन्यात बाराही पिंपांतली वाइन लाकडातून थोडी थोडी उडून जाते आणि पातळी उतरते, हे ठरलेलं. पण एकाच जातीच्या लाकडाची, एकाच वयाची, शेजारी शेजारी ठेवलेली पिंपं सारखीच उतरायला हवीत.

"काय झालं, मॅडम?" द्वारकाकाकूंनी विचारलं. त्यांच्या एका हातात भरणीच्या वाइनचा कॅन होता, दुसऱ्या हातात रबरी नळी.

"सात नंबर पुन्हा जास्त उतरलंय."

"ते पहिल्यापासूनच खादाड आहे. आमच्या धाकट्या जावेसारखं. ताट रिकामं, पण अंगाला काही लागत नाही."

मी वहीत आकडा लिहिला. काकूंनी पिंप काठोकाठ भरलं, बूच बसवलं, त्यावर लाकडी हातोडीचा एक ठोका दिला आणि पदराने कडा पुसली.

ही दोन हजार अकराच्या फेब्रुवारीतली गोष्ट. दिंडोरीच्या पुढे टेकडीच्या पायथ्याशी रंगनाथ वडजे आणि त्यांच्या पत्नी द्वारकाकाकू यांची बाग होती. तिथे महिन्यातून एकदा मी नाशिकहून जायची. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, लहान वाइनरींना प्रयोगशाळेची कामं करून देणारी मी एकटी बाई. नमुने न्यायचे, तपासायचे, अहवाल द्यायचा.

रंगनाथआण्णांची सगळी हयात खायच्या द्राक्षांत गेली होती. दोन हजार पाच साली बागायतदारांच्या सहलीबरोबर ते स्पेनला गेले. तिथे एलादिओ नावाच्या म्हाताऱ्याने सगळ्यांना आपल्या तळघरात नेलं. डोंगराच्या पोटात खोदलेलं तळघर, भिंतींवर काळी बुरशी, आणि पिंपांच्या रांगा. एलादिओने प्रत्येकाच्या हातात एकेक ग्लास दिला. आण्णा माळकरी. त्यांनी ग्लास नाकाशी धरला आणि पाऊण तास तसाच धरून ठेवला. बाकीचे पिऊन बाहेर उन्हात जाऊन बसले, तरी हे आतच. एलादिओने दुभाष्याला विचारलं, की यांना बरं नाही का. दुभाष्याने माळेचं सांगितल्यावर म्हातारा हसला नाही. एक खुर्ची आणून दिली.

"तेव्हा मी विचारलं, किती वर्षांची आहे?" आण्णा ही हकिगत सांगताना इथे नेहमी थांबत. "तो म्हणाला, दहा वर्षं लाकडात. त्याच्या बापानं भरलेली, त्यानं काढलेली."

आण्णांनी परत येऊन तेम्प्रानियोची, म्हणजे तिकडच्या त्या काळ्या द्राक्षाची, दोन एकर लागवड केली. परवाना काढला. एलादिओकडून अमेरिकन ओकची बारा वापरलेली पिंपं मागवली. नवं लाकूड पहिल्याच वर्षी वाइनवर चढून बसतं, जुनं नुसतं श्वास घेऊ देतं, असं म्हाताऱ्याने कळवलं होतं. दोन हजार सातच्या मार्चमध्ये पहिला माल आला. द्राक्षं सालींसकट आंबवली, रोज दोनदा खालचा रस वर फिरवला, साली पिळून काढल्या, आणि रस पिंपांत गेला. तिकडे वाइन निवळायला अंड्याचा पांढरा बलक घालतात. आण्णांनी ते ऐकलं आणि सांगितलं, "आमच्या पिंपात अंडं जाणार नाही. गाळ खाली बसेल तेव्हा बसेल." त्यामुळे इथे दर सहा महिन्यांनी वरची निवळ वाइन एका जादा रिकाम्या पिंपात काढायची, गाळ टाकून पिंप धुवायचं आणि वाइन परत त्यातच भरायची, एवढाच उपाय होता.

पुढच्या वर्षांची द्राक्षं बाहेर विकली जात; या पहिल्या वाइनला आता पिंपांत चार वर्षं झाली होती. आण्णांना दहा हवी होती.

माझी अडचण आकड्यांत होती. वाइनमध्ये व्हिनेगरचं आम्ल थोडं असतंच. ते किती आहे हे मी दर महिन्याला मोजायची. गेल्या उन्हाळ्यापर्यंत ते लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास होतं. उन्हाळ्यानंतर सगळ्या पिंपांत चढलं होतं, आणि अकरा नंबरमध्ये तर ०.८४. आणखी एक एप्रिल-मे असाच गेला, तर ते जिभेला कळेल. दोन गेले, तर बाराही पिंपांत महागडं व्हिनेगर उरेल. वाइन बाटलीत भरली की तिला हवा लागायची थांबते आणि आम्ल वाढत नाही. म्हणजे उन्हाळ्याच्या आत भरायला हवी होती.

हे मला नोव्हेंबरपासून ठाऊक होतं. अहवालात मी लिहायची, "आम्लात वाढ. देखरेख आवश्यक. निर्णय आपला." तीन महिने तेच वाक्य.

त्या दिवशी ओट्यावर चहा पिताना आण्णांच्या मुलाने, प्रमोदने, अहवालाचा कागद हातात घेतला.

"मॅडम, हे 'देखरेख आवश्यक' म्हणजे नक्की काय हो? डॉक्टर असं लिहितात तेव्हा पेशंट गेलेला असतो."

"प्रमोद," आण्णा म्हणाले.

"नाही, मी आपलं विचारतोय. दोन वर्षं झाली, रिकाम्या बाटल्या ताडपत्रीखाली पडल्यात. त्यात आता पाली संसार करतायत."

मी कप खाली ठेवला. "आण्णा, एलादिओंचं तळघर आणि आपलं तळघर एक नाही. तिथे बारा महिने बारा-तेरा अंश. आपल्याकडे मे महिन्यात सव्वीस जातं."

"एसी लावलाय ना आपण."

"लाइट असते तेव्हा."

मी जरा वेगळ्या वाटेने गेले. "तिकडे वेलाची छाटणी वर्षातून किती वेळा करतात?"

"एकदा. थंडीत वेल झोपतो तिकडं."

"आणि आपल्याकडे?"

"दोनदा. एप्रिलला खरड, ऑक्टोबरला गोडी. आपला वेल कुठं झोपतो?"

"तिकडचं छाटणीचं पंचांग तुम्ही इथल्या वेलाला लावलंत?"

"लावलं असतं तर एक घड नसता आला."

"मग पिंपाला तिकडचं पंचांग का?"

प्रमोदने चहा संपवायच्या निमित्ताने तोंड कपात घातलं. आण्णांनी बागेकडे पाहिलं. मग म्हणाले, "मॅडम, तुमचं म्हणणं मला पटतं. पण ऐका. मी ही चाखलेली नाही, चाखणार नाही. उद्या ती बाटलीत घातली आणि कच्ची निघाली, तर परत पिंपात ओतता येते का? तुमच्या आकड्यांनी मला ती बिघडत चाललीय का ते कळतं. झाली का, ते नाही कळत. वर्षं तरी मला मोजता येतात."

मी स्वतः वाइन तपासते. पण चव घेऊन निकाल द्यायची वेळ आली की माझी जीभ मलाच भरवशाची वाटत नाही.

जेवण झाल्यावर आण्णा आणि प्रमोद बागेत गेले. मी वही घेऊन बसले. चार वर्षांच्या भरणीच्या नोंदी होत्या. सात नंबरला पहिली दोन वर्षं बाकीच्यांइतकीच वाइन लागत होती. तिसऱ्या वर्षापासून दर महिन्याला दीडशे ते दोनशे मिलीलिटर जास्त. पिंप गळत असेल तर गळती पावसाळ्यात लाकूड फुगल्यावर कमी व्हायला हवी. ती झाली नव्हती. उन्हाळ्यात वाढायला हवी. तीही नाही. ऋतू न पाळणारी गळती मला कुठल्या पुस्तकात भेटली नव्हती. मी विजेरी घेतली आणि पिंपाच्या कड्या तपासायला पुन्हा तळघरात गेले.

द्वारकाकाकू सात नंबरपाशी स्टुलावर बसल्या होत्या. बूच मांडीवर, नळी खांद्यावर, आणि हातात आमटीची वाटी. वाटी अर्धी होती.

मी दारातच थांबले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, आणि शांतपणे उरलेलं पिऊन टाकलं.

"सांडायचं कशाला," त्या म्हणाल्या.

मी आत जाऊन शेजारच्या पिंपाला टेकले. विचारलं, "दर महिन्याला एकच वाटी?"

"दीड. तुम्ही सव्वीस लिहिलं ना मघाशी, तेव्हाच मला वाटलं, या बाईपासून काही लपायचं नाही."

"कधीपासून?"

"नमुना काढायला नळी कोण ओढतं, मॅडम?"

त्या ओढत. काचेची नळी पहिल्याच वर्षी फुटली, तेव्हापासून. नळीचं एक टोक पिंपात सोडायचं, दुसरं तोंडात धरून ओढायचं, वाइन आली की टोक पटकन माझ्या बाटलीत. आण्णांना ते चालण्यासारखं नव्हतं, प्रमोद गावोगाव फिरायचा, आणि मला नळीला तोंड लावलेलं पसंत नव्हतं, म्हणून मी रबरी फुग्याचा पंप आणून दिला होता. 'याला वेळ लागतो' म्हणून काकूंनी तो खुंटीला टांगला. चार वर्षं आम्ही सगळे समोर उभे राहून त्यांना नळी ओढताना पाहत होतो. त्यांच्या तोंडात वाइन जाते हे आमच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"पहिल्या वर्षी मी थुंकायचे," काकू म्हणाल्या. "कडू जहर. सुपारी चघळल्यासारखी जीभ व्हायची. मग एकदा वाटलं, मागच्या महिन्यापेक्षा आज कमी कडू आहे. मग बघायची सवय लागली. थुंकून कळत नाही नीट, गिळावं लागतं."

"आण्णांना ठाऊक आहे?"

"माळ त्यांनी घातलीय. माझ्या गळ्यात मंगळसूत्र आहे, माळ नाही." मग आवाज जरा खाली आणून त्या म्हणाल्या, "त्यांना नका सांगू. ते रागावणार नाहीत. रागावले असते तर मी कधीच सांगितलं असतं. ते गप्प होतील. चाळीस वर्षं झाली, त्यांचं गप्प होणं मला अजून सोसत नाही."

मी वर स्वयंपाकघरात गेले आणि स्टीलचे सहा पेले घेऊन आले. आता लिहिताना जरा लाज वाटते, पण तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नसतं. काकूंना पाठ फिरवून बसायला सांगितलं. पाच पिंपांतून घोट घोट वाइन काढली, त्यांतल्या एका पिंपातली दोन पेल्यांत. पेल्यांच्या बुडाला खडूने आकडे लिहिले, पेले आलटून पालटून मांडले.

काकूंनी डावीकडून सुरुवात केली. प्रत्येक घोटानंतर पाण्याने चूळ भरली. शेवटी दुसरा आणि पाचवा पेला शेजारी शेजारी ठेवला.

"हे दोन्ही एकच. मला वेडी समजता का?"

बुडाशी दोन्हीकडे चार होता.

"हे तीन नंबर. याला अजून सुपारी आहे. वर्षभर तरी हात लावू नका. हे नऊ, हेही थांबेल. हे आपलं सात."

"कशावरून?"

"आधी सुकलेलं अंजीर लागतं. मग जायफळ. आणि गिळल्यावर जीभ ओली राहते. दिवाळीपासून हे असंच आहे. झालंय ते." त्यांनी शेवटचा पेला उचलला, नुसता हुंगला, आणि बाजूला सरकवला. "हे अकरा. चव अजून बरी आहे. पण टोकाला लोणच्याच्या बरणीच्या झाकणासारखा वास सुरू झालाय. हे वाट बघणार नाही."

मी वहीत पाहिलं. तीन नंबर ०.६१, सगळ्यांत कमी. अकरा नंबर ०.८४. प्रयोगशाळेत जे कळायला मला दोन दिवस आणि एक यंत्र लागे, ते त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं होतं. आणि सात नंबरचं 'झालंय', हे तर माझ्या कुठल्याच यंत्रात नव्हतं.

"काकू, हे तुम्हीच आण्णांना सांगा."

"तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

"मी माझं सांगेन. तुमचं मी नाही सांगणार."

त्यांनी पेले गोळा केले. "बघू," म्हणाल्या.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गाळ काढायचा दिवस होता. सकाळी आठला तळघराची दारं लावून दिवे बंद केले. हे आण्णा एलादिओकडे शिकून आले होते. वरच्या पिंपातून खालच्या रिकाम्या पिंपात नळीने वाइन सोडायची. मधे काचेचा तुकडा जोडलेला, त्यामागे मेणबत्ती. काचेतून लाल प्रकाश स्वच्छ दिसतो तोवर वाइन जाऊ द्यायची. काळसर धागा दिसला की गाळ आला, तिथे नळी चिमटायची. मेणबत्ती धरायचं काम आण्णांचं. नळी चिमटायला प्रमोद. काकू नळी ओढून प्रवाह सुरू करून देत.

सहा पिंपं झाली. सात नंबरवर आलो. काकूंनी नळी ओढली, प्रवाह लागला, आण्णांनी ज्योत काचेमागे धरली. काच माणकासारखी पेटली.

मी ठरवून आले होते. "आण्णा, अहवालात मी 'निर्णय आपला' असं लिहिते. आज माझं मत सांगते. अकरा नंबर याच महिन्यात बाटल्यांत भरायला हवं. सात नंबरही. बाकीच्यांचं एकेक करून ठरवावं. सगळ्यांना मिळून दहा वर्षं देता येणार नाहीत."

आण्णांची नजर काचेवरून हलली नाही. "बिघडेल, की बिघडलंय?"

"बिघडेल."

"आणि आत्ता ते झालंय का? ते सांगा."

"ते मला खात्रीनं सांगता येणार नाही."

"तेच तर," आण्णा म्हणाले. त्या आवाजात विजय नव्हता. थकवा होता. "ते कुणालाच सांगता येत नाही."

"सात नंबर दिवाळीलाच झालं," काकू म्हणाल्या.

प्रमोदने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काचेकडे बघत राहिले.

"तुला काय ठाऊक?" आण्णांनी विचारलं.

"चार वर्षं नळी ओढतेय. तोंडात काय येतं, हवा?"

"तू थुंकत होतीस."

"पहिल्या वर्षी."

"आई," प्रमोद म्हणाला, "म्हणजे तू..."

"तू नळीकडं लक्ष दे. गाळ येईल."

आण्णा गप्प झाले. काकूंनी सांगितलं होतं तसेच. मेणबत्तीचं मेण त्यांच्या बोटावर ओघळलं, त्यांनी ते पुसलंही नाही. काकू नळीच्या टोकाशी उभ्या होत्या, पदर दोन्ही हातांत धरून. मला त्या चार वर्षांत पहिल्यांदा घाबरलेल्या दिसल्या. त्या क्षणी बोलायला माझ्याकडे वाक्य होतं, आकडे होते, सहा पेल्यांची चाचणी होती. मी ते बोलले नाही. ती माझी पाळी नव्हती.

काचेत काळा धागा दिसला. प्रमोदने नळी चिमटली. आण्णांनी ज्योत बाजूला घेतली, आणि काकूंकडे वळून अगदी हळू विचारलं, "कशी आहे?"

काकूंना कळलं नाही. "काय कशी आहे?"

"सात नंबर. चवीला कशी लागते? मला वासच माहितीय."

काकूंनी पदर सोडला. "आधी अंजीर लागतं. सुकं. मग जायफळ, पण बासुंदीतलं नाही, नुसतं उगाळलेलं. मग जरा वेळ काहीच नाही. मग ते सगळं पुन्हा येतं, हलकं होऊन. पहिल्या वर्षी जी सुपारी होती ती कुठं गेली कळत नाही."

"पुन्हा येतं?"

"हां. गिळल्यावर. तुम्ही तिथं खुर्चीत बसून पाऊण तास काय हुंगत होता ते मला त्यावरून कळलं."

आण्णांच्या चेहऱ्यावर काही तरी सैल झालं. त्यांनी सात नंबरच्या रिकाम्या पिंपाच्या भोकाशी वाकून एक लांब श्वास घेतला.

"आणि आणखी सहा वर्षं ठेवली तर?"

"तर मनुका राहतील. द्राक्ष जाईल."

"सगळ्या पिंपांत?"

"नाही. तीन नंबर अजून हट्टी आहे, त्याला पुढच्या वर्षीची दिवाळी दाखवा. चार आणि नऊ पावसाळ्यानंतर बघू. अकरा लगेच काढा."

"मॅडम," आण्णांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तुमच्या वहीत तीन नंबर काय म्हणतंय?"

"०.६१. सगळ्यांत कमी. त्याला घाई नाही."

त्यांनी मान हलवली. मेणबत्ती फुंकून विझवली, दाराकडे गेले आणि दोन्ही फळ्या उघडल्या. उजेड आत आला तेव्हा आम्ही सगळेच डोळे मिचकावत होतो. प्रमोदच्या हातात चिमटलेली नळी तशीच होती.

"गप्प का बसलात?" काकूंनी विचारलं. "काय ते बोला."

"बोलतोय," आण्णा म्हणाले. त्यांनी घसा साफ केला, आणि बाहेर बागेतल्या गडीमाणसांना ऐकू जावं इतक्या मोठ्या आवाजात म्हणाले, "प्रमोद, ताडपत्री काढ आणि बाटल्या धुवायला घे. उद्या सात नंबर भरायचं, परवा अकरा. बाकीचं कधी भरायचं ते तुझी आई सांगेल."